लॅमिंग्टन रस्त्यावरचे नादोपासक

मुंबईस जाण्याचा योग आम्हांस वर्षाकाठीं एकदां येतो, आणि तोही बहुधा कोणाच्या तरी मुंजीच्या वा लग्नाच्या निमित्तानें. यंदां तसें कोणतेंच कार्य नव्हतें. एक कॅसेट खिशांत घालून आम्ही मिरजेहून निघालों होतों, आणि ती कॅसेट हेंच या प्रवासाचें कारण.

१९८४ सालच्या चातुर्मासांत आमच्या वडील बंधूंनीं कोणाचा तरी टेपरेकॉर्डर उसना आणून मातोश्रींच्या भूपाळ्या व जात्यावरच्या कांहीं ओव्या या कॅसेटींत उतरवून घेतल्या. मातोश्री १९९१ सालीं गेल्या. बंधूही आतां नाहींत. मातोश्रींचे वडील वैदिक होते, त्यामुळें त्यांच्या तोंडीं ‘श’ आणि ‘ष’ कधीं एक होत नसत. आम्हीं पुढें तीस वर्षें शाळेंत मुलांकडून जो मूर्धन्य षकार घोटवून घेतला, ती विद्या मूळची आमच्या स्वयंपाकघरांतली. दहा-बारा वर्षांपूर्वीं ही कॅसेट एका दुकानदाराकडे तबकडीवर उतरविण्यासाठीं दिली होती. त्यानें पैसे रोख घेतले, आणि जें परत दिलें त्यांत मातोश्री जणूं घोंगडी पांघरून गात होत्या. चाल समजे, शब्द समजत नसत. “टेपच तशी आहे,” एवढें त्याचें उत्तर. आम्हींही तेंच खरें मानून कॅसेट देवघराच्या फडताळांत ठेवून दिली होती.

आमचा पुतण्या विलेपार्ल्यास असतो. त्याला ध्वनियंत्रांचा नाद आहे. संस्कृतांत नाद म्हणजे केवळ ध्वनि. मराठीनें त्याच शब्दास ‘छंद’ आणि त्यापुढें जाऊन ‘व्यसन’ हाही अर्थ दिला. हा अर्थविस्तार किती यथार्थ आहे तें पुतण्याच्या बिऱ्हाडीं गेल्यावर कळतें. त्याच्या बैठकीच्या खोलींत दोन उंच पेट्या देवडीवरच्या भालदार-चोपदारांसारख्या उभ्या आहेत, आणि त्यांना जोडणाऱ्या तारेची किंमत आमच्या दोन महिन्यांच्या पेन्शनाएवढी आहे. “काका, तार बदलली कीं आवाज मोकळा होतो,” असें तो आम्हांस सांगत होता. सूनबाई आंतून म्हणाल्या, “मला तर कांहीं फरक कळत नाहीं.” या विषयावर त्या घरांत यापूर्वींही बोलणें झालें असावें असें आम्हांस वाटलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्या आम्हांस घेऊन ग्रँटरोड स्टेशनावर उतरला. तेथून चालत पांच-सात मिनिटांवर लॅमिंग्टन रस्ता. १९०३ ते १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें हें नांव. सरकारी पाटीवर आतां डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें आहे. परंतु गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही जुन्याच नांवानें व्यवहार करतात. विजेच्या उपकरणांची ही पेठ. संगणकाच्या दुकानांनीं बरीचशी जागा व्यापली आहे, तरी मधून मधून बोळासारख्या अरुंद दुकानांत बरण्यांतून बडीशेप ठेवावी तसे यंत्रांचे सुटे भाग मांडून बसलेले व्यापारी अजून आहेत. एका दुकानापुढें आम्ही अर्धा तास उभे होतों. दोन तरुण एका शेंगदाण्याएवढ्या वस्तूविषयीं वाद घालीत होते. ती जपानची घ्यावी कीं जर्मनीची, एवढाच प्रश्न. त्या अर्ध्या तासांत एकाही गवयाचें, एकाही रागाचें किंवा एकाही गाण्याचें नांव त्यांच्या तोंडून निघालें नाहीं. सबंध सकाळ पळी-पंचपात्री घासण्यांत घालवावी आणि अर्घ्य द्यावयास मात्र विसरावें, तसाच हा प्रकार, असा निकाल आम्हीं मनांतल्या मनांत तेथेंच देऊन टाकला.

पुढें पुतण्यानें आम्हांस चोरबाजारांत नेलें. तेथील मटन स्ट्रीट या गल्लींत जुन्या वस्तूंचीं दुकानें आहेत. पितळी कर्णे असलेले ग्रामोफोन ओळीनें मांडलेले. यांतले बरेचसे जुने नव्हेतच. जुन्या यंत्राचे अवशेष नव्या लांकडी पेटींत बसवून आणि नवा चकचकीत कर्णा लावून ते दिवाणखान्याच्या शोभेसाठीं तयार केलेले असतात, असें पुतण्यानें कानांत सांगितलें. जवळच लाखेच्या तबकड्यांच्या थप्प्या होत्या. एक मध्यमवयीन गृहस्थ जमिनीवर उकिडवे बसून एकेक तबकडी काढीत, तिच्यावरची धूळ पुशीत व क्रमांक वहींत टिपून घेत. असल्या संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० सालीं मुंबईंतच निघाली. ज्या जुन्या गायक-गायिकांचीं नांवेंही आपण विसरलों होतों, त्यांचा आवाज पुष्कळसा या मंडळींच्या कपाटांमुळें टिकला, हें मान्य केलें पाहिजे. त्या गृहस्थांनीं चार तबकड्या विकत घेतल्या. त्या घरीं वाजवितां कशावर, असें विचारतां ते हंसून म्हणाले, “यंत्र दोन वर्षें बंद आहे. दुरुस्त करावयाचें आहे.”

आमचें खरें काम गिरगांवांत होतें. पुतण्याच्या ओळखीचे एक निवृत्त बँक-अधिकारी तेथें एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचें नांव येथें देत नाहीं. त्यांना तें आवडणार नाहीं. त्यांच्या खोलींत एकच खुर्ची. तिच्या चारी पायांच्या जागा फरशीवर खडूनें आंखलेल्या, कारण दोन ध्वनिपेट्या व श्रोत्याचें मस्तक यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. आम्हांस त्या खुर्चींत बसविण्यांत आलें. नंतर कांच फुटल्याचा आवाज, ढोल, पाऊस व कोणा परदेशी बाईचें वीस-पंचवीस सेकंद गाणें, असे मासले ऐकविण्यांत आले. प्रत्येक मासल्यानंतर ते आमच्या तोंडाकडे पाहत. अमेरिकेंत १९५० च्या सुमारास एमरी कुक नांवाच्या गृहस्थानें नुसत्या आगगाड्यांच्या आवाजाची तबकडी काढली होती व आपलीं यंत्रें पारखण्यासाठीं हौशी लोकांनीं ती आवडीनें घेतली, हेंही त्यांनीं मोठ्या कौतुकानें सांगितलें. मिरज जंक्शनाजवळ जन्म काढलेल्या मनुष्यास यांत नवल तें काय वाटावें ?

आम्हीं भीत भीत विचारलें, “आपल्याकडे खांसाहेब अब्दुल करीम यांची एखादी तबकडी आहे काय ?” होती. ७८ फेऱ्यांची, मूळची. खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांची कबर आमच्या मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यांत आहे, आणि आम्ही लहानपणापासून तेथील उरुसाच्या बैठकी ऐकत आलों आहों. सूर लागला. त्या सुराचें वर्णन आम्हीं करूं नये. तीन-सव्वातीन मिनिटांची ती तबकडी; खांसाहेब तार षड्जाकडे निघाले, आतां टेकणार, इतक्यांत यजमानांनीं हात घालून कांटा उचलला ! “ही सुई जरा बारीक पडते,” ते म्हणाले. जुन्या तबकडीची खांच लाँगप्लेच्या खांचेहून कितीतरी रुंद असल्यानें तिला सुईही जाड लागते, हें त्यांनीं सविस्तर समजावून दिलें. आमचे कान त्या षड्जापाशींच अडकून राहिले होते. पुतण्याचा हात आमच्या खांद्यावर आला नसता तर आम्ही कदाचित् उठून आलों असतों.

सुई बदलली. तबकडी पुन्हां पहिल्यापासून लागली. आणि येथें खोटें लिहिणें बरें नव्हे : खांसाहेबांच्या मागचा तंबोरा पहिल्या वेळीं आम्हांस जाणवलाच नव्हता, तो या वेळीं जाणवला.

त्याबरोबर आमच्या डोळ्यांपुढें आमच्या गांवची सतारमेकरांची गल्ली उभी राहिली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून सतारी-तंबोरे करणारीं घराणीं मिरजेंत पिढ्यान् पिढ्या आहेत. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. शाळा सुटल्यावर आम्ही तेथील ओट्यावर बसत असूं. कारागीर घोडीवरून कानस केसभर फिरवी, तार छेडी, कान लावी, पुन्हां कानस फिरवी. तिन्हीसांजेपर्यंत एका जवारीवर त्याचें काम चाले. एवढ्या वेळांत एकही राग वाजत नसे, आणि तरी ‘याला गाणें प्रिय कीं लांकूड प्रिय’ असा प्रश्न कोणाच्याही मनांत आला नाहीं. भरतमुनींनीं श्रुति सिद्ध करण्यासाठीं सारख्या दोन वीणा घेऊन, एक तशीच ठेवून दुसरी पायरीपायरीनें उतरवावयास सांगितली आहे. तोही यंत्राचाच प्रयोग म्हणावयाचा. मात्र भरतमुनि वीणा जुळवून तेथेंच थांबत नाहींत, जातिगायनाकडे वळतात, हा भेद आम्हांस त्या खुर्चींत बसल्या बसल्याही विसरवत नव्हता.

अखेर कॅसेट निघाली. दोन मिनिटें ऐकून यजमान म्हणाले, “गुरुजी, टेप खराब नाहीं. ज्या यंत्रावर ही भरली त्याचें हेड तिरपें होतें.” मग त्यांनीं जें सांगितलें तें आमच्या बुद्धीस समजलें तेवढें असें : ही फीत रुंदीला जेमतेम पावणेचार मिलिमीटर, आणि ती सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर या गतीनें सरकते. तीवर चुंबकाच्या रेघा ज्या कोनांत उमटल्या असतील त्याच कोनांत त्या वाचाव्या लागतात. कोन यत्किंचित् चुकला कीं प्रथम उंच ध्वनि नाहींसे होतात, खालचे राहतात. म्हणजे आमच्या भाषेंत, स्वर तगतात आणि ऊष्म वर्ण आधीं मरतात. यंत्र जितकें सरळ, तितकी ही वांकडी टेप त्यावर बहिरी वाजणार. त्या दुकानदाराचें यंत्र कदाचित् सरळच असेल. त्याला आम्हीं इतकीं वर्षें मनांतून दोष दिला.

“मग उपाय ?”

“माझें हेड वांकडें करावयाचें.”

हें बोलून ते गप्प बसले. पुतण्यानें आम्हांस मागाहून सांगितलें कीं, तो टेप-डेक त्यांनीं प्रमाण-टेप लावून स्वतः जुळविलेला होता, आणि त्याला ते दुसऱ्या कोणास हातही लावूं देत नसत. बराच वेळ त्यांनीं यंत्राकडे पाहिलें. मग चष्मा बदलला, बारीक पेचकस घेतला, स्क्रूवरची लाखेची मोहर फोडली, आणि कान पेटीकडे करून कणाकणानें फिरवूं लागले.

प्रथम जात्याची घरघर स्पष्ट झाली. मग बांगड्या. मग एकाएकीं, कोणी तोंडावरची घोंगडी काढावी तसा मातोश्रींचा आवाज पुढें आला, आणि ‘कृष्ण’ या शब्दांतला षकार, तो आमच्या घरचा षकार, चाळीस वर्षांनीं आमच्या कानीं पडला. आम्हांस पुढचें कांहीं वेळ दिसत नव्हतें.

यजमान मात्र डोळे मिटून ऐकत होते. “खोलींत ट्यूबलाइट लागलेली होती,” ते म्हणाले. होती; माजघरांत त्याच वर्षीं बसविली होती. “मागें कोणी तरी दुधाविषयीं बोललें.” आम्हांस तें ऐकूं येईना. त्यांनीं टेप तीन वेळां मागें घेतली. तिसऱ्या खेपेस आम्हांस ऐकूं आलें : दूर, चुलीकडे, एक तरुण स्त्री घाबऱ्या स्वरानें दूध उतूं गेल्याचें सांगत होती. एवढें सगळें ज्यांना ऐकूं आलें त्या गृहस्थांनीं, गात आहे ती बाई कोण, हें मात्र शेवटपर्यंत विचारलें नाहीं.

सबंध कॅसेट एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर उतरली. पैशांचें नांव काढतां त्यांनीं कानांवर हात ठेवले. निघतांना मात्र म्हणाले, “गुरुजी, एक प्रत मी ठेवूं काय ? ह्यांतला ‘ष’ फार स्वच्छ आहे. हेडचा कोन तपासावयास उपयोगी पडेल.” क्षणभर आमचा राग पुन्हां उसळला. आगगाड्या, फुटलेली कांच, ढोल, आणि त्यांच्या पंक्तीस आमच्या मातोश्री ! मग फरशीवर पडलेल्या त्या लाखेच्या कणांकडे आमचें लक्ष गेलें, आणि आम्हीं होकार दिला. आमचा हा होकार योग्य होता कीं नाहीं यावर पुतण्याचा व आमचा परतीच्या वाटेवर वाद झाला. त्याच्या मतें ‘ष’ ऐकणाऱ्यानेंच गाणें ऐकलें. आमचें मत तसें नाहीं.

महालक्ष्मी एक्सप्रेसनें सकाळीं मिरजेस पोंचलों. घरांतील सारीं माणसें माजघरांत जमलीं, नातवानें आपल्या फोनवर तो आवाज लावला. फोनचा कर्णा तो केवढा. तरी षकार आला. थोरल्या वहिनींनीं पदर डोळ्यांस लावला. दुधाचा प्रसंग आला तेव्हां आम्हीं सर्वांस थांबवून आमच्या कुटुंबाकडे बोट दाखविलें, कारण त्या सालीं या घरांत नवी सून त्याच होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या हातून दूध कधीं उतूं गेलें नाहीं. हा आवाज वहिनींचा.” वहिनींनीं पदर बाजूस केला आणि टेप पुन्हां लावावयास सांगितली.