टकमक

विरार फाट्यावरून अहमदाबादच्या दिशेने निघालं की सकवारच्या सुमारास उजव्या हाताला तो डोंगर दिसतो. मी शिकवत होते त्या शाळेत त्या बाजूच्या पाड्यांवरची मुलं यायची. "बाई, वर गड आहे," ती सांगायची, "टाक्यात बारा महिने पाणी असतं." मी मान डोलवायची आणि फळ्याकडे वळायची. 1991 पासून आम्ही विरारमध्ये राहतो. पाहुणे आले की त्यांना वसईच्या किल्ल्यात नेलं, जीवदानीच्या पायऱ्या चढवल्या. टकमक राहूनच गेला.

हे तेहतीस वर्षं विरारहून चर्चगेटला जात होते. जाताना 60 किलोमीटर, येताना 60. घरातून दोघांनी एकत्र निघायचं आणि स्टेशनच्या पुलावर वेगळं व्हायचं, असा आमचा संसार. त्यामुळे यांच्या निवृत्तीनंतर फेब्रुवारीतल्या एका पहाटे सकवारला उतरून शेताच्या बांधावरून चालू लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की सलग एक तासही आम्ही दोघं कधी चाललेलो नाही.

गडाची उंची सुमारे 2000 फूट. ऐकायला थोडी वाटते. पण पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीला, म्हणजे त्यातला बहुतेक सगळा चढ आपल्याच पायांनी चढायचा. गावातला एक मुलगा वाटाड्या म्हणून सोबत होता. सुरुवातीला महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज पाठ सोडत नव्हता. मग साग लागला. खाली वाळलेल्या पानांचा थर, त्याखाली मुरूम. पाय ठेवला की पान सरकायचं आणि पानाबरोबर आपणही. समोरून दोन बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरत होत्या, अनवाणी. आम्ही वाट सोडून उभे राहिलो. त्यांच्यातली एक माझ्या काठीकडे पाहून मायेनं हसली.

हे गाडी पकडायच्या वेगाने चालत होते. तो वेग अंगात मुरलेला. त्यांना तो जाणवतही नसेल. पहिल्या धारेवर ते पुढे गेले, दुसऱ्या वळणावर दिसेनासे झाले. माझ्या कानात फक्त माझाच श्वास होता. एका दगडावर बसले. गुडघा ठणकत होता आणि डोळ्यांत विनाकारण पाणी येत होतं. विनाकारण नव्हे. इतकी वर्षं मी अशीच मागे राहून डबे भरले होते, आणि ते कधी बोलले नव्हते म्हणून मीही नव्हते बोलले.

वरून पानांचा चुरचुर आवाज आला. हे परत उतरून येत होते. काही न बोलता शेजारी बसले, पिशवीतून सुकेळी काढली, अर्धी मला दिली. वसईच्या राजेळी केळ्याचा तो उन्हात आटलेला गोडवा मी जन्मभर खाल्लाय, पण त्या दिवशी तो जिभेवर किती वेळ होता! पाणी प्यायलो. मग ते म्हणाले, "अगं, आता तू पुढे चाल. मी मागून येतो."

पुढची सगळी वाट माझ्या वेगाने झाली. मी थांबले की ते थांबायचे. घसारा आला की त्यांचा तळवा माझ्या पाठीला हलकेच टेकायचा आणि मी स्थिर झाले की निघून जायचा. डाव्या उतारावर काटेसावर फुलली होती, एकही पान नसलेली, नुसती लाल. खिंडीत पोचलो तेव्हा वारा असा अंगावर आला की दोघांनीही डोळे मिटले.

वर फारसं काही उरलेलं नाही. ढासळलेला तट, गवतात बुडालेली जोती, कातळात खोदलेली टाकी आणि उघड्यावर पडलेल्या तोफा. यांनी एका तोफेवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. "ही वर कशी आणली असेल?" त्यांनी विचारलं. रिकाम्या पाठीने चढताना मला ज्या वाटेवर चार ठिकाणी बसावं लागलं, त्याच डोंगरावर माणसांनी हे लोखंड चढवलं होतं. दरवर्षी मी वर्गात सांगायची की 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, आणि त्या मोहिमेतल्या पोर्तुगीज घंटा पार भीमाशंकरच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर गेल्या. 'गेल्या' म्हणायची मी. घंटा आपणहून जात नाहीत. कुणाच्या तरी खांद्याची सालं निघाली असतील, कुणीतरी घाटात बसकण मारली असेल, कुणीतरी त्याला पाणी दिलं असेल. हे मला भर वर्गात कधी सुचलं नाही, दुखऱ्या गुडघ्याने सुचवलं.

टकमक हे नाव मला तिथे उभं राहिल्यावर कळलं, निदान माझ्यापुरतं. उत्तरेला वैतरणेचं वळण उन्हात चकाकत होतं. पश्चिमेला, जिथे नदी अर्नाळ्यापाशी समुद्राला मिळते, तिकडे धुरकट पांढरेपणा. एके काळी याच किनाऱ्यावर सोपाऱ्याच्या बंदरात गलबतं लागत होती. 1882 मध्ये तिथल्या स्तूपातून भगवानलाल इंद्रजींनी दगडी करंडक बाहेर काढला. गडावरच्या पहारेकऱ्याचं काम एकच, पापणी न लववता पाहत राहणं. आम्हीही पाहत राहिलो. इमारतींच्या त्या धूसर गर्दीत हे आमचं घर शोधत होते. "ती पाण्याची टाकी दिसते ना, तिच्या अलीकडे," असं ते बोट दाखवून सांगत होते, आणि मला काहीही दिसत नसताना मी "हो, दिसलं," म्हणाले. मला त्यांचं बोट दिसत होतं. ते थरथरत होतं, दमून.

टाक्याच्या काठावर भाकरी आणि ठेचा खाल्ला. पाणी गारेगार, हिरवट काळं, तळ न दाखवणारं. वाटाड्या मुलगा ओंजळीने प्यायला, मग तोंडावर मारून घेतलं. छिन्नीचे घाव कडेला अजून स्पष्ट होते. मी त्यांवरून बोटं फिरवली.

उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा झाली, तेव्हा यांनी हात धरला तो पायथ्यापर्यंत सोडला नाही. पाड्यावर पोचलो तोवर दिवे लागले होते. एक म्हातारी अंगणात चिंचा फोडत बसली होती. आमच्या धुळीने माखलेल्या पायांकडे बघत तिने विचारलं,

"टाक्यात पानी हाय का?"

"आहे," मी म्हणाले, "भरपूर आहे."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि पुढची चिंच हातात घेतली.