भिंतीवरचं सर्टिफिकेट

आमच्या माण तालुक्यात शिकलेल्या पोरीच्या दोनच नोकऱ्या लोकांना ठाऊक. शाळेतली बाई, नाहीतर दवाखान्यातली नर्स. मी डी. फार्मसी झाले तेव्हा आई शेजारणीला सांगायची, "पोरगी गोळ्या-औषधाचं शिकलीया."

साल २०१२. दुष्काळानं जनावरं छावणीला गेलेली. त्यातच तालुक्याचा एक मेडिकलवाला दादांकडं आला. म्हणाला, "पोरीचं सर्टिफिकेट तेवढं द्या, दुकानात लावतो. तिनं यायची गरज न्हाई. म्हैन्याचं पैसं घरपोच."

दादा रात्रभर गप्प. सकाळी म्हणाले, "बाय, हितं ऱ्हायलीस तर मला मोह पडंल. तू मामाकडं जा."

मामा घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर. फार्मासिस्टांची नोंदणी करणारी राज्याची फार्मसी कौन्सिल तिथून जवळच, मुलुंडला. तिथल्या रांगेत भांडुपच्या एक ताई भेटल्या. माझे कागद चाळून म्हणाल्या, "नोकरी बघतेस ना? मग आधी माझा नंबर घे."

त्या नंबरामागं पाच-सहा जणी होत्या. पुढं अंधेरी, बोरिवलीच्याही आल्या. ना अध्यक्ष, ना वर्गणी. कुठं पगार बँकेत जमा होतो, कुठं रात्री अकरापर्यंत थांबवतात, कुठल्या दुकानात बाईला संडासाची सोय नाही, हे नोकरी धरायच्या आधीच कळायचं. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला बाळंतपणाच्या रजेचा कायदा सहसा लागू होत नाही. म्हणून एखादी बाळंत झाली की परत उभी राहीपर्यंत दुसऱ्या जागेची चौकशी आम्हीच करायचो. २०१४ च्या मार्चपासून एच-वनच्या औषधांचं वेगळं रजिस्टर आलं. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. ते कसं भरायचं, हे ताईंनी लोकलच्या लेडीज डब्यात मांडीवर वही ठेवून शिकवलं.

माझी खरी वेळ लग्नाच्या वेळी आली. नोकरी सोडते म्हटल्यावर मालक म्हणाले, "तू जा, सर्टिफिकेट राहू दे. तुला घरबसल्या पैसे." गावात ऐकलेलंच बोलणं, फक्त शहरी भाषेत. १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदलेल्या फार्मासिस्टनंच द्यायचं. मी सासरी आणि नाव भिंतीवर, मग उद्या चुकीची गोळी गेली तर जाब माझ्या नावाला. आणि गोळी जायची कुणा म्हातारीच्या पोटात.

नाही म्हणाले, तर मागचा पगार अडला. ताईंनी अर्ज लिहून दिला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एफडीएच्या कचेरीत दोघी जणी रजा टाकून सोबत आल्या. 'अमुक तारखेपासून मी या दुकानात नाही' असं लेखी देऊन पोच घेतली. दुसऱ्या दिवशी चौघी मिळून दुकानात गेलो. कुणी आवाज चढवला नाही. मालकांनी फ्रेम उतरवली, पगारही मोजून दिला.

एकटी असते तर? लग्नाचा खर्च डोक्यावर होता. मोह दादांनाच पडतो असं नाही.

आता माझाही नंबर कुणाकुणाकडं आहे. जतहून, आटपाडीहून पोरी फोन करतात, "ताई, पगार किती मागू?" मी आकडा नंतर सांगते. आधी विचारते, "काउंटरला तू उभी राहणार, का नुसता तुझा कागद?"