मानखुर्दहून एक दिवसाची मुंबई

खरिपाची सुगी आटोपली, रब्बीची पेर झाली आणि मुलांना नाताळची सुट्टी लागली, की घरात विषय निघतोच : "एकदा मुंबई दाखवा." पुणे, सातारा, सोलापूर, बीडकडची एसटी वाशीची खाडी ओलांडून मुंबईत शिरते, ते पहिले ठिकाण मानखुर्द. दुष्काळात गाव सोडलेली आपल्याकडची कितीतरी घरे त्या बाजूला वसली आहेत. तुमचाही चुलता, मेहुणा नाहीतर मावसभाऊ तिथे असेल, तर मुक्काम त्याच्याकडे ठरलेलाच.

पण तो रोजंदारीवर असेल, तर तुम्हाला फिरवण्यात त्याचा एक दिवस बुडतो. तो तोंडाने नाही म्हणणार नाही, म्हणून तुम्हीच सांगा, "आमचे आम्ही जातो." त्याला सुट्टी म्हणून रविवार धराल तर फसाल. हार्बरच्या रुळांची डागडुजी बहुतेक रविवारीच निघते आणि दुपारी तासन्‌तास गाड्या बंद राहतात. बुधवारी राणीचा बाग बंद. तेव्हा मंगळवार किंवा गुरुवार बरा.

आता मुख्य गोष्ट. ठिकाणे दोनच धरा, समुद्र आणि राणीचा बाग. आम्ही एकदा चौपाटी, म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन, गेटवे असे सगळे एका दिवसात कोंबले होते. आईला समुद्र पाहायचा होता. तो तिने टॅक्सीच्या खिडकीतून पाहिला, कारण पुढची ठिकाणे उरकायची होती. "पुढच्या खेपेला निवांत बसू," असे म्हणालो. पुढच्या खेपेपर्यंत तिचे गुडघे गेले होते.

सकाळी साडेसहाच्या सुमाराला मानखुर्दला लोकल धरा. आठनंतर डब्यात पाय ठेवायला जागा नसते. स्टेशनावर गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही, म्हणून फलाटावरच ठरवून टाका, कोणाचा हात कोणी धरायचा. बायकांचा डबा वेगळा असतो. तरी लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्यासोबत एक धडधाकट माणूस हवाच. तिरप्या पट्ट्यांचा पहिल्या वर्गाचा डबा टाळा, तिथे आपले तिकीट चालत नाही आणि दंड भरावा लागतो. समजा निम्मी माणसे चढली आणि निम्मी राहिली, तर चढलेल्यांनी पुढच्याच स्टेशनावर उतरून तिथेच उभे राहावे, मागच्यांनी पुढच्या गाडीने यावे. हे घरीच दोनदा घोकून घ्या. मुलांच्या खिशात पाहुण्यांचा फोन नंबर लिहून ठेवा.

शेवटचे स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी इथल्याच बोरीबंदराहून ठाण्याला गेली. बाहेर येऊन रस्त्यापलीकडून इमारत पाहा. आत उभे राहून ती दिसत नाही. तिथून बेस्टच्या बसने नाहीतर टॅक्सीने गेटवे. १९११ साली इंग्लंडचा राजा आला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. पण तिचा पायाचा दगड बसला १९१३ साली आणि काम पुरे झाले १९२४ साली. राजाने ती येताना पाहिलीच नाही! गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी मात्र १९४८ च्या फेब्रुवारीत याच कमानीतून बोटीवर गेली. समोरच्या बागेत शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे, तो मुलांना आधी दाखवा. मग कठड्याशी आजीला बसवा आणि तासभर कोणीही घड्याळ पाहू नका.

तिथून घारापुरीच्या बोटी सुटतात आणि मन होते. पण एकट्या घारापुरीलाच सारा दिवस जातो, वर पायऱ्याही पुष्कळ. तिकडचा एक पाहुणा तुम्हाला पुढे भेटणारच आहे.

दहाच्या सुमाराला टर्मिनसला परत या. एव्हाना गर्दी शहरात येत असते, तुम्ही उलटे जाता, म्हणून बसायला मिळते. ठाणे-कल्याणकडची धीमी गाडी धरा आणि तिसऱ्या स्टेशनावर, भायखळ्याला, उतरा. पूर्वेला थोडे चाललात की राणीचा बाग. आताचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आत शिरण्याआधीच डबा सोडून मोकळे व्हा. मुले पेंग्विनकडे धावतील. भर मुंबईत गार काचघरात ते डुलत असतात. तुम्ही मात्र झाडे पाहा. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी यांचे असे जुने वृक्ष एकाच ठिकाणी सहसा दिसत नाहीत. बागेतल्या संग्रहालयाजवळ एक दगडी हत्ती उभा आहे, तोच तो पाहुणा. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले ते याच्यावरून. इंग्रज १८६४ साली त्याला उचलून न्यायला गेले आणि तो फुटला. पुढे तुकडे जोडून उभा केला.

तीन वाजता निघा. भायखळ्याहून पुन्हा टर्मिनसलाच जा. उलटा फेरा वाटेल, पण हार्बरची गाडी तिथूनच सुटते आणि आजीला बसायला मिळते. गाडीवर वाशी, बेलापूर किंवा पनवेल लिहिलेले पाहा. अंधेरी-गोरेगावची गाडी वडाळ्याहून दुसरीकडे वळते. तिकीट मानखुर्दचे न काढता वाशीचे काढा. मानखुर्द गेले की गाडी खाडीच्या पुलावर चढते. नोव्हेंबर ते मे या दिवसांत तिथे रोहित पक्षी उतरतात. ओहोटी असेल तर चिखलात गुलाबी रांगाच्या रांगा चरताना दिसतात. आजीची खिडकीची जागा कोणी घेऊ नका. वाशीला उतरून लगेच उलटी गाडी धरली, की पूल पुन्हा एकदा पाहायला मिळतो आणि दिवेलागणीपूर्वी पाहुण्यांच्या घरी पोचता.