बुरूड राजाच्या कोटाकडे सायकलने

गेल्या हिवाळ्यात मी एका सायकल ग्रुपबरोबर वसईला गेले होते. ग्रुपचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका ग्रुपचा नाही. पहाटे गोरेगावहून निघालो. वाटेत एकाने आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि पुढचे दोन किलोमीटर तो माझ्या बाजूने चालवत नव्हता. असो. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज झाले, 1739ची मोहीम झाली, चिमाजी आप्पांचा जयजयकार झाला. मी म्हटलं, "आलोच आहोत तर सोपाऱ्याचा स्तूपही पाहू, जवळच आहे." उत्तर आलं, "मॅडम, राईडमध्ये पॉलिटिक्स नको."

चिमाजी आप्पा हा इतिहास आणि सम्राट अशोक हे पॉलिटिक्स! समाजशास्त्रात एम.ए. करताना वर्चस्वावर जाडजूड पुस्तकं वाचली, पण इतकी नेमकी व्याख्या कुठे सापडली नव्हती.

परत आल्यावर ठरवलं, आपल्या वस्तीतल्या पोरांना घेऊन जायचं. नऊ जण तयार झाले, पाच मुलगे आणि चार मुली. सायकली कशा? एक वडिलांची दुधाची, कॅन अडकवायच्या हुकांसकट. एक पाववाल्याकडून रविवारपुरती मागून आणलेली. दोन भाड्याच्या. गिअरची एकच, तीही सेकंडहँड, माझी. आरे कॉलनीच्या रस्त्यावर सकाळी चाळीस-पन्नास हजारांच्या सायकली दिसतात, त्याच रस्त्याने वॉचमन रात्रपाळी संपवून सायकलवरच घरी जातो. त्याला कोणी सायकलिस्ट म्हणत नाही.

निघण्याआधी पोरांना बाबासाहेबांच्या दोन प्रवासांबद्दल सांगितलं. पहिला 1901 सालचा. लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत मसूर स्टेशनला उतरला, वडिलांच्या नोकरीच्या गावी जायला. त्या गावाचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये गोरेगाव असं छापलंय. ते सातारा जिल्ह्यातलं, आपलं नव्हे, पण पोरं नाव ऐकून सावरून बसली. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायच्या अटीवर मिळाली, आणि रात्रभर पाणी मिळालं नाही. दुसरा प्रवास 1934चा. वेरूळला निघालेले बाबासाहेब आणि सहकारी दौलताबादच्या किल्ल्यात गेले, तिथल्या हौदावर हातपाय धुतले म्हणून गर्दी अंगावर आली. तेव्हा ते बॅरिस्टर होते, गोलमेज परिषद करून आलेले होते. म्हणून मी पोरांना म्हणते, आपल्यासाठी फिरणं ही नुसती हौस कधीच नव्हती. पाण्याच्या बाटल्या मात्र या वेळी प्रत्येकाकडे दोन-दोन होत्या.

दहिसर चेकनाका ओलांडून भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीपर्यंत वीसेक किलोमीटर. तिथून वसईला रो-रो बोट जाते, 2024 पासून, आणि तिच्यात सायकल चढवता येते. नाहीतर घोडबंदरचा वळसा घालून हायवेच्या ट्रकांमध्ये जीव मुठीत धरून चालवायचं. बोटीत मला नाशिकच्या पांडवलेणीतला उषवदाताचा लेख आठवला. जवळजवळ 1900 वर्षांपूर्वी या क्षहरातांच्या जावयाने शूर्पारकात, म्हणजे सोपाऱ्यात, प्रवाशांसाठी निवारे बांधले आणि दमण, डहाणू, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असं त्यात कोरलंय. त्याच्या दानांची यादी ब्राह्मणांपासून सुरू होते, हेही लपवायचं कारण नाही. पण फुकट नाव ही मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आमच्या पोरांनी तिकिटासाठी आठवडाभर वडापाव सोडला होता.

वसईत उतरलं की जमीन ताटासारखी सपाट. दक्षिणेला उल्हासची खाडी, उत्तरेला वैतरणा, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र. नद्यांनी आणलेल्या गाळावर केळीच्या, नारळाच्या, फुलांच्या वाड्या. पापडी, गिरीज, भुईगाव, निर्मळ असा रस्ता वाड्यांमधून जातो, नाक्यानाक्यावर क्रूस. दुधाच्या सायकलवालाही इथे दमला नाही. हाच गाळ सोपाऱ्याच्या मुळावर आला. 'पेरिप्लस'मध्ये आणि टॉलेमीच्या ग्रंथात ज्याचं नाव आहे, जिथला व्यापारी पूर्ण बुद्धांकडे जाऊन भिक्खू झाला असं परंपरा सांगते, ते बंदर हळूहळू बुजत गेलं. कान्हेरीला लेणी कोरून देणाऱ्यांत सोपाऱ्याची माणसं होती. बोरिवलीहून कान्हेरीला पिकनिकला जाणाऱ्यांना याचा पत्ता नसतो.

भुईगावला थांबलो. तिथे 1956 साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा दगड सापडला. साल पुन्हा वाचा. त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली. योगायोगच आहे, मी त्याला चमत्कार म्हणणार नाही, तो लेखच म्हणू देणार नाही. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचं फळ थोडंच. खरं मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांबाबत संयम. साधारण असा त्याचा आशय.

मी हे सांगत होते आणि आमच्यातल्या एकीने गुपचूप हँडलखालचं लिंबू-मिरची सोडायला घेतलं. आईने बांधलं होतं. घरात बुद्धांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, आणि प्रवासाला निघताना लिंबू-मिरची! मी म्हटलं, "राहू दे, आईशी घरी बोल." कारण याच लेखात अशोक एक टोमणा मारतो: बायका फार क्षुल्लक, निरर्थक विधी करतात म्हणून. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले आपले कार्यकर्ते हेच बोलतात. लेक दिवसभर ट्रकांच्या रस्त्यावर सायकल चालवणार म्हटल्यावर आईकडे भीती घालवायचं दुसरं साधन काय आहे? हेल्मेट घ्यायला पैसे होते का? हे आधी विचारा, मग अंधश्रद्धेवर भाषण द्या.

सोपाऱ्यात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. स्तूप म्हणजे विटांचा, मातीचा एक उंचवटा. पोरांचे चेहरे पडले. सांचीसारखं काहीतरी असेल असं त्यांना वाटलं होतं. "ताई, मग इथे आहे काय?" 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप उकरला, आत दगडी पेटी निघाली, तिच्यात बुद्धांच्या कांस्यमूर्ती, यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं, एकात एक ठेवलेले करंडक, आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत असं त्यांनी मानलं. आज तो ठेवा मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोन्याच्या आत माती, एवढंच मी पोरांना दोनदा सांगितलं.

मग सांगितलं की गावातले लोक या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत.

आमच्यातला एक मुलगा बुरूड आहे. बौद्ध नाही. मित्रांबरोबर आला होता, सबंध वाटेत फारसा बोलला नव्हता. बाप स्टेशनजवळ सुपं, टोपल्या आणि तिरडीचे बांबू विकतो, त्यावरून शाळेत त्याला काय काय ऐकावं लागलंय ते मला ठाऊक आहे. बुरूड ही महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींच्या यादीतली जात, पण आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत त्याचं घर कधी नसतं. आम्ही बोलावतही नाही. तो म्हणाला, "बुरूड राजा? खरंच असं म्हणायचे?" मी म्हटलं, हो. नाव कसं पडलं असेल यावर मला तर्क करता आला असता, 'बुद्ध'चंच 'बुरूड' झालं असेल वगैरे. पुरावा नाही, म्हणून गप्प बसले. शिवाय तसं म्हणून मी त्याचा राजा त्याच्याकडून लगेच काढून घेतला असता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ताई, हे तुमचं की आमचं?"

याचं उत्तर मी दिलं, पण ते मलाच पटलं नाही. 'आपला इतिहास' हे दोन शब्द आपण भाषणात किती सहज वापरतो! त्या 'आपल्या'त कोण कोण आहे, याची आपण कधी मोजदाद केली का?

सोपाऱ्यातच, 1882 मध्येच, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा भटेला तळ्याजवळ सापडला होता. मोजकीच अक्षरं उरलीत, पण इतर ठिकाणच्या प्रतींवरून पूर्ण मजकूर कळतो, आणि तो चक्क प्रवासावर आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार करत, मौज करत. अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली: श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, आणि जनपदातल्या माणसांना भेटून त्यांच्याशी बोलणं. पोरं म्हणाली, मग आपली कुठली? सेल्फी बऱ्याच काढल्या होत्या, सुकेळी खाल्ली होती. मी म्हटलं, सकाळपासून विहारयात्राच चालली होती.

परतीच्या बोटीत तो मुलगा माझ्या शेजारी बसला. वडिलांना फोटो दाखवीन म्हणाला. चार दिवसांनी स्टेशनजवळ त्याच्या वडिलांनी मला हाक मारली, "मॅडम, तो कोट बघायला ट्रेनने जाता येतं ना? मला सायकल येत नाही." जानेवारीत आम्ही पुन्हा जातोय, निम्मे लोक सायकलवर, निम्मे नालासोपाऱ्याच्या लोकलने.