आड किती खोल

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आमच्याकडे गाईने दूध कमी दिलं की हमखास कुणाच्या तरी तोंडून निघायची. गव्हाणीत टाकलंच नाही तर कासेत काय उतरणार, एवढाच तिचा अर्थ. आता तीच म्हण भलत्या बाजूने माझ्या मागे लागली आहे. पोहरा समोर दिसतो, दुधाने भरलेला. त्याचा आड नेमका कुठे आहे, हे काही केल्या सांगता येईना.

पहिलं उत्तर सोपं आहे. दुधाचा आड म्हणजे वैरण. मंगळवेढ्याकडे माझ्या आत्याच्या गोठ्यात आता संकरित गाई आहेत आणि त्यांचा मुख्य आधार मक्याचा मुरघास. कणसातला दाणा चिकात आला की मका ताटासकट कापायचा, कुट्टी करायची, पिशवीत थरावर थर तुडवून भरायची, आत हवा राहू द्यायची नाही. दीड-दोन महिन्यांनी पिशवीचं तोंड सोडलं की आंबूसगोड वास येतो. कुट्टी पिवळसर हिरवी, मऊ, हातात घेतली तर किंचित ओलसर. गाई तिच्यावर तुटून पडतात. पान, ताट, कणीस, दाणा, सगळं गव्हाणीत जातं. माणसाच्या ताटात यातलं काहीच येत नाही, येतं ते दूध.

पण मक्याचाही आड असतोच. मका खादाड पीक आहे, त्याला नत्र भरपूर लागतं आणि ते युरियातून येतं. युरिया अमोनियापासून होतो, अमोनिया नैसर्गिक वायूपासून. अलिबागजवळच्या थळचा कारखाना याच वायूवर चालतो. देशातला वायू पुरत नाही म्हणून कतारहून तो द्रवरूपात जहाजाने गुजरातेत दहेजला उतरतो. म्हणजे मंगळवेढ्याच्या पोहऱ्याचा एक झरा कतारच्या समुद्रतळाखाली निघाला. इतका लांबचा आड म्हण रचणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल.

तिथेही थांबता येत नाही. युरियाची गोणी ४५ किलोंची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २१ किलो. शेतात टाकलेल्या नत्रातला सुमारे १ टक्का मातीतल्या जिवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, असं हिशेबाला धरतात. एक टक्का म्हणजे किती थोडा. पण हा वायू शंभर वर्षांच्या मोजणीत कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. कागदावर मांडून पाहिलं तर एका गोणीमागे जवळजवळ ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं ओझं आलं, आणि कारखान्यात जळलेला वायू यात धरलेलाच नाही. त्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे. इतकी स्वस्त वस्तू हात राखून कोण टाकेल? वर बोअरचं पाणी, पंपाची वीज, आणि ती वीज बहुतेक कोळशाची.

गाईगुरं आणि हवामान म्हटलं की गाईच्या ढेकरांचीच चर्चा होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१३च्या अहवालात साऱ्या पशुपालनाचा मिळून हिशेब आहे. त्यात चारा-खाद्य पिकवणं आणि तयार करणं यांचा वाटा ४५ टक्के, जनावरांच्या पोटातल्या मिथेनचा ३९ टक्के. हे वाचल्यापासून गव्हाणीकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली.

आणि मग कडबा आठवतो.

मंगळवेढ्याची काळी माती खोल आहे. पावसाळा सरता सरता ज्वारी पेरायची, पुढे आभाळाने पाणी दिलं नाही तरी मातीत धरलेल्या ओलीवर ती वाढते. थंडी पडली की रानभर डोक्याएवढी उंच ताटं. मालदांडी ३५-१ हा वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतूनच निवडला गेला, आणि इतकी वर्षं उलटली तरी लोक तो पेरतात. १९६४ साली सी. एस. एच.-१ हा पहिला संकरित वाण आला, बुटका, दाण्याला जोरदार. खरिपात हायब्रीड पसरली, पण आमच्याकडच्या रब्बीत मालदांडी हटली नाही. भाकरीची चव हे एक कारण. दुसरं कारण कडबा. संशोधक पोती मोजत होते, शेतकरी पोती मोजून झाल्यावर पेंढ्याही मोजत होता. कडबा शेकड्यावर विकला जातो, आणि दुष्काळी सालात दाण्यापेक्षा त्याचेच पैसे जास्त झालेले लोकांनी पाहिलेत. चांगला कडबा कसा ओळखायचा हे आत्याने मला शिकवलं होतं. ताट मोडून चघळायचं, गोडसर लागलं पाहिजे. पान गळालेलं नको, बुंध्याशी काळं पडलेलं नको. अंगणात गंज रचताना बुडखे एका अंगाला, शेंडे दुसऱ्या, आणि वरून असा उतार की अवकाळी आला तरी पाणी आत जाऊ नये. त्या गंजीवर घराची पत ठरायची.

या सगळ्यात मला जे मोठं वाटतं ते हे, की जनावरासाठी वेगळं रान लागत नव्हतं. दाणा आपला, ताट गाईचं. एकाच मुळावर दोघं जगत. त्या पिकाला खतही मक्याच्या मानाने थोडंच आणि पाणी जवळजवळ नाहीच. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. क्षेत्र मात्र घटत गेलं ते गेलंच.

हे सगळं मी आत्याला भरभरून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अगं, ज्वारी उपटायची म्हंजी काय असतं तुला ठावं हाय का? कापायची न्हाई, मुळासकट उपटायची. दीस-दीस वाकून. तळहाताची सालटी निघत्यात. मका यंत्रानं कापून, कुट्टी करून, घरात येतोय. कडब्यापायी आता कुणाच्या सुनंनं कंबर मोडून घ्यायची?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. कडब्याच्या गंजीचं कौतुक करताना ती कुणाच्या हातांनी उभी राहायची, याचा हिशेब मी कार्बनच्या रकान्यात कुठे लिहू?

त्यात कडबाही वाटतो तितका निर्मळ नाही. तो रेषाळ. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव रेषाळ वैरण फोडतात तेव्हा मिथेन जास्त होतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवणारा. नुसत्या कडब्यावर गाय दूधही थोडं देते. म्हणजे लिटरमागे पाहिलं तर कडबा खाणारी खिलार गाय मुरघास खाणाऱ्या संकरित गाईपेक्षा जास्त दोषी ठरते. पण लिटरमागेच का पाहायचं? खिलारीचा खोंड रान नांगरायचा, तिचं शेण रानात जायचं, युरियाची एखादी गोणी वाचायची. आणि कडब्यावर किती भार टाकायचा? ज्वारी तर माणसाने भाकरीसाठी पेरली होती. हिशेब कुठल्या बांधापासून सुरू करतो त्यावर निकाल फिरतो, आणि बांध हलवावा तसा तो दर वेळी वेगळा येतो.

चारा छावण्यांची सालं आठवली तर आणखी गोंधळ उडतो. २०१२-१३ आणि २०१८-१९च्या दुष्काळात सांगोला-माणकडच्या छावण्यांत जनावरांना ऊस तोडून घातला गेला. सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक, सगळ्यात कोरड्या वर्षी, गव्हाणीत. जनावरं जगली, हेही खरंच. त्या वेळी कुणी वायूंचा हिशेब मांडायला बसलं असतं तर मीच त्याच्यावर चिडले असते.

म्हणीपाशी परत येते तेव्हा वाटतं, तिने आड एकच धरला होता आणि तो घराच्या मागच्या अंगणात होता. आता एका पोहऱ्यात कतारचा वायू, मंगळवेढ्याची ओल, कोळशाची वीज आणि एका बाईची कंबर, सगळं एकत्र चढून येतं. यातलं काय कमी करावं हे लिहायला बसताना मला ठाऊक आहे असं वाटत होतं.

तुमच्या घरी दूध घालणारा माणूस ओळखीचा असेल तर त्याला एकदा विचारा, गाई काय खातात आणि ते कुणी पिकवलं. ज्वारीच्या भाकरीचा आग्रह धरणाऱ्यांनी तिची काढणी सोपी व्हावी म्हणूनही आग्रह धरावा, एवढीच माझी विनंती आहे.