आपण किती देवांचे

अहेरी

प्रिय पोरी,



तुझं पत्र तुझ्या बाबानं मोबाइलवर पाठवलं. ते मी बाजारातल्या दुकानातून कागदावर छापून आणलं, कारण मोबाइलवर वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. तिकडे अमेरिकेत तुझ्या वर्गातली ती नवाहो आदिवासी मुलगी स्वतःची ओळख करून देताना आधी आईचं कूळ सांगते, मग बापाचं, मग दोन्ही आजोबांचं, हे वाचलं आणि मी कागद खाली ठेवला. तिनं तुला विचारलं, ‘तुझं काय?’ आणि तुला आडनावापुढे काही सांगता आलं नाही. तू विचारलंस याचा फार आनंद झाला. तुझ्या बाबाचा रागही आला. सोळा वर्षांत त्याला हे सांगायला सवड झाली नाही?

तर ऐक. आपण सहा देवांचे. गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे सगे आहेत. दोन गोंड परमुलखात भेटले की गाव, आडनाव झाल्यावर हाच प्रश्न येतो. सहा देवांचे सगळे आपले भाऊबंद, मग ते सिरोंच्याचे असोत की नदीपलीकडे आदिलाबादचे. भाऊबंदांत लग्न नाही. आपल्या घराण्याला कासव पूज्य. मारायचं नाही, खायचं नाही, जाळ्यात आलं तर पाण्यात सोडायचं. आपल्या पेर्सापेनाला, म्हणजे कुळाच्या मोठ्या देवाला, मूर्ती नसते. भाल्याचं लोखंडी पातं आणि चवरी, एवढंच. ते घरात ठेवत नाहीत, पूजेच्या वेळीच बाहेर काढतात आणि नदीवर नेऊन अंघोळ घालतात. मी लहानपणी ते पातं अगदी जवळून पाहिलंय. हळदीनं पिवळं झालेलं, आणि मधे गंजाचा लालसर डाग.

हे सगळं आम्हाला शाळेनं शिकवलं नाही, परधानानं शिकवलं. परधान म्हणजे आपल्या कुळाची गाथा गाणारे. धान घरात आलं की आमचा परधान यायचा. कोणत्या सालचं सांगतेय ते आता नक्की आठवत नाही. माझ्या दाखल्यावर जिल्हा चंद्रपूर लिहिलेला होता, म्हणजे १९८२ च्या आधीचंच. गडचिरोली जिल्हा त्या वर्षी वेगळा झाला. पण त्या परधानाची किंगरी आजही डोळ्यांपुढे आहे. तीन तारांची, मान काळी पडलेली, धनुकलीला बारीक घुंगरं. ओटीवर बसायचा, आधी पाणी प्यायचा, मग तारा पिळत बसायचा. आम्हाला वाटायचं, आता सुरू होईल, आता होईल. तो काही घाई करायचा नाही.

तो सांगायचा ती गोष्ट कचारगडची. काली कंकालीची तेहतीस मुलं गुहेत कोंडली होती, दारावर मोठी शिळा. त्यांना पोसलं होतं जंगो रायतारनं. पारी कुपार लिंगोनं त्यांना सोडवायचं ठरवलं, आणि हिरासुका पाटालीरनं किंगरी वाजवली. ती ऐकून आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली, आणि ती शिळा वाजवणाऱ्याच्याच अंगावर गेली. इथं परधान तारांवर आडवा हात ठेवायचा. किंगरी बंद. तुझे पणजोबा मान खाली घालायचे, चुलीजवळच्या बाया बोलायच्या थांबायच्या. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू करायचा: लिंगोनं त्या मुलांना विद्या शिकवली, सगे वाटून दिले, कोणी कोणाशी सोयरीक करायची ते ठरवून दिलं. मग आपल्या घराण्यातली एकेक नावं घ्यायचा. त्यात माझ्या आजोबांचं नाव आलं की मला धडधडायचं. कचारगड खरंच आहे, गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात. माघ पौर्णिमेला तिथं जत्रा भरते, चार-पाच राज्यांतले गोंड येतात. आमच्या परधानाचा मुलगा मात्र बल्लारपूरला कामाला गेला. त्याला किंगरी येत नाही.

तुझ्या मैत्रिणीच्या लोकांना १८६४ मध्ये सैन्यानं शेकडो मैल पायी हाकलत नेलं, असं तू लिहिलंस. त्याच्या सहा वर्षं आधी, २१ ऑक्टोबर १८५८ ला, आपल्या मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाकेंना इंग्रजांनी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिलं. हे तिला सांग. नवाहो मुलांना शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून मार बसायचा, आणि १९४२ पासून त्याच भाषेतून अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी गुप्त निरोप धाडले, जपानला ते उलगडले नाहीत. आम्हालाही आमच्या शाळेत गोंडी बोललं की छडी मिळायची. तुझ्या बाबाच्या बोटांवर बसलेली मी पाहिली आहे. त्यानंतर तो घरी आईशीसुद्धा मराठीतच बोलू लागला. म्हणून त्याच्यावर रागावते आणि मग राग गिळते. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर निघाले, तरी गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःच गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. मला फार अभिमान वाटला त्या गावाचा.

आता तुझा दुसरा प्रश्न. त्या मुलीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा चार दिवसांचा सोहळा झाला, ती पहाटे पूर्वेकडे धावली, मक्याची मोठी भाकर जमिनीत भाजली. ‘आपल्यात काय करतात, आत्या?’ पोरी, आपल्यात कुर्माघर होतं, आणि आत जंगलातल्या गावांत अजून आहे. गावाच्या कडेला झोपडी, पावसाळ्यात गळणारी, दिव्याविना. त्या दिवसांत बाईनं तिथंच राहायचं. साप चावून बाया गेल्या आहेत. काही जणी म्हणतात, तेवढीच कामातून सुटका, तेवढ्याच मैत्रिणी भेटतात. मैत्रिणी ओटीवरही भेटतात. मी अहेरीत घर केल्यावर ते पाळलं नाही, आणि तूही त्याचं ओझं घेऊ नकोस. लिंगोच्या नावावर ते खपवू देऊ नकोस. देव सांभाळायचे म्हणजे सगळंच सांभाळायचं असं नाही. सगा ठेव, भाषा ठेव, कासव ठेव, नवा आंबा पंडुम, म्हणजे नव्या फळाची पूजा, झाल्याशिवाय न खाणं जमलं तर ठेव. तिकडे दुकानात वर्षभर आंबे असतात म्हणे, तेव्हा त्यावर मी अडून बसत नाही. पण तुझ्या अंगाला आणि शिक्षणाला जे आड येईल ते सोड.

इकडे सुरजागडच्या खाणीचे ट्रक आलापल्लीच्या रस्त्यानं रात्रंदिवस धावतात. ज्या डोंगरावर ठाकूरदेव बसतो तोच डोंगर खणताहेत. पोरांना नोकऱ्या लागल्या, हेही खरं. पण ठाकूरदेव उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. तुझ्या मैत्रिणीच्या मुलखात युरेनियम काढून खाणी तशाच सोडून दिल्या, त्याबद्दल तिच्या घरच्यांना नीट विचार आणि मला लिही. इथं ते वाचून दाखवायला माणसं आहेत.

जेवत जा. रात्री जागू नकोस. आणि फोनवर ‘हाय आत्या, बाय आत्या’ एवढंच नको.

ती मैत्रीण चार कुळं सांगते ना, तर तुलाही चार सांगता आली पाहिजेत. त्यांच्यात कूळ आईकडून येतं, म्हणून ते दोन्ही आजोबांचं सांगतात. आपल्यात बापाकडून येतं, म्हणून तू दोन्ही आज्यांचं सांगायचं. बाबाकडून तू सहा देवांची. तुझी आई सात देवांची. माझी आई, म्हणजे तुझी इकडची आजी, पाच देवांची होती. चौथं मला ठाऊक नाही, ते जिवतीच्या आजीचं, म्हणजे तुझ्या आईच्या आईचं, माहेर. तिला तूच फोन कर. तुमच्या संध्याकाळी कर, म्हणजे इथं सकाळ असते. रात्री तिला नीट ऐकू येत नाही. गोंडीत चार शब्द बोललीस तर ती फोन लवकर ठेवणार नाही. काय सांगते ते वहीत लिहून ठेव आणि मलाही कळव.

तुझी
आत्या