खोटा चार्ज, खरं उत्तर

अर्थ केलेला धातूचा गोळा, त्रिज्या १० सेंटीमीटर. केंद्रापासून २० सेंटीमीटरवर क्यू एवढा पॉइंट चार्ज. बाहेरचं पोटेन्शियल काढा! गणित दोन ओळींचं, पण सुरुवात कुठून करायची? गोळ्यावर चार्ज कसा पसरला ते कळल्याशिवाय पोटेन्शियल मिळत नाही, आणि पोटेन्शियल कळल्याशिवाय चार्ज कसा पसरला ते कळत नाही. म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न नाही, अन् लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही!

विल्यम थॉमसनने (पुढचा लॉर्ड केल्विन) १८४५ मध्ये यावर तोड काढली. तेव्हा तो आपल्याच वयाचा, विशी-एकविशीतला होता. गोळा विसरा, केंद्रापासून ५ सेंटीमीटरवर, चार्जच्याच दिशेला, उणे क्यू/२ ठेवा. जवळच्या टोकापासून अंतरं १० आणि ५, लांबच्या टोकापासून ३० आणि १५. दोन्हीकडे बेरीज शून्य! पृष्ठभागावर कुठलाही बिंदू घ्या, तेच.

पण तिथे चार्ज नाहीच, मग ही फसवणूक नाही का? कॉन्व्हेंटमध्ये स्टेप्सशिवाय मार्क नसत, त्यामुळे मला हे खूप दिवस खटकलं. समाधान केलं ते युनिकनेस थिअरमने. बाहेरचे चार्ज आणि सीमेवरचं पोटेन्शियल ठरलं की उत्तर एकच असू शकतं. मग ते कसंही सुचलेलं असो. मात्र हे गोळ्याबाहेरच चालतं. आत पोटेन्शियल शून्यच.

तेव्हा मित्रांनो, अंदाज बिनधास्त करा. फक्त तो सीमेवर तपासा, आणि कुठपर्यंत चालतो तेही लिहा. तीच खरी स्टेप!